सैल गाठ

गृहस्थाच्या अहिंसाव्रताला कुठेकुठे डाग लागतो ते तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितलंय. हे डाग, म्हणजे अतिचार, पाच आहेत : बांधणं, मारणं, अवयव कापणं, ताकदीबाहेर ओझं लादणं आणि खाणंपिणं तोडणं. जैनांच्या दशलक्षण पर्वात आमच्या सांगलीच्या बस्तीत, म्हणजे मंदिरात, रोज एक अध्याय याप्रमाणे दहा दिवसांत हा ग्रंथ वाचून होतो. हिंसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुरी येते, रक्त येतं. ग्रंथकर्त्या उमास्वामींनी ही यादी मात्र गोठ्यात उभं राहून केल्यासारखी केली आहे. ज्याच्या दावणीला बैल आहे, ज्याच्या गाडीला घोडा आहे, अशा सज्जन माणसाच्या हातून रोज काय घडतं तेवढंच तिच्यात आहे. आणि तिच्यात मारण्याचा नंबर दुसरा लागतो. पहिलं येतं ते बांधणं.

माझ्या हातात रोज सकाळ-संध्याकाळ एक पट्टा असतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला तेजी असते. म्हणून या पहिल्या दोषाचा निकाल मला लावावाच लागला.

तेजी कारवान जातीची, जत भागातल्या धनगरांच्या मेंढरांमागे पळणाऱ्या कुत्र्यांच्या पोटची. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. ही जात वासापेक्षा नजरेवर चालते. दूरवर काही हललं की पाहणं आणि धावणं यांच्यामध्ये वेळच उरत नाही. टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. मुधोळ आणि कारवान एकाच रक्ताचे. सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं हे शरीर विश्रामबागच्या रस्त्यावरून, दुचाक्या आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून न्यायचं म्हणजे पट्टा हवाच. तो सोडला तर पहिल्या मांजरामागे ती रस्ता ओलांडेल आणि दोघींपैकी एकीचा जीव जाईल.

अक्कांचं म्हणणं याच्याही मागचं होतं. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. व्रती आहेत, पाणी गाळून पितात, सूर्य मावळायच्या आत जेवतात, रोजचा स्वाध्याय चुकवत नाहीत. तेजी घरात आल्यावर त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "अगं, मांजरासारखी शिकारी जनावरं पाळणं हाच श्रावकाला दोष सांगितलाय, कार्तिकेयानुप्रेक्षेत आहे. त्यात हिला तू रोज बांधून नेणार. मग पहिला अतिचार रोजचाच झाला की!" यात टोचून बोलणं नव्हतं. दारात आलेल्या जिवाला हाकलून लावणं अक्कांच्या स्वप्नातही येणार नाही. त्यांना उत्तर हवं होतं आणि मलाही.

पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत, म्हणजे तत्त्वार्थसूत्रावरच्या आपल्या टीकेत, बंधाची जी फोड केली आहे तिच्यात दोरीचं नावही नाही. जिवाला जिथे जायचंय तिथे जाण्यापासून ज्यानं अडवलं जातं तो बंध, एवढंच ते म्हणतात. ही फोड फार कडक आहे. तिच्यापुढे लोखंडी साखळी आणि मऊ सुती पट्टा यांत फरक उरत नाही. दार लावून घेतलं तरी बंध. तेजीला डावीकडच्या उकिरड्याशी जायचं असतं आणि मी तिला उजवीकडे वळवते, तेव्हा माझ्या प्रेमळपणामुळे माझी सुटका होत नाही.

पण पुढच्या लोकांनी यावर बराच विचार केला आहे, कारण त्यांच्यासमोर शेती करणारे, गुरं राखणारे श्रावक होते. आमच्या सांगली-कोल्हापूरकडचे जैन तसेच, नांगर धरणारे. तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात पायऱ्या लावून दिल्या : गुरांवर पोट भरणं सोडावं हे उत्तम, ते जमत नसेल तर न बांधता पाळावीत, बांधावीच लागली तर निर्दयपणे बांधू नयेत. श्वेतांबर परंपरेतल्या आवश्यकसूत्रावरच्या टीका आणखी खोलात जातात. विनाकारण बांधणं वर्ज्यच. कारणानं बांधायचं तरी जिवाची कदर ठेवून बांधणं वेगळं आणि न ठेवता बांधणं वेगळं. कदर ठेवली की नाही हे ओळखायचं कसं? तर गाठ सैल हवी, आणि आग लागली तर ती सोडता किंवा तोडता आली पाहिजे.

हा नियम वाचल्यापासून तो माझ्या मनातून हलत नाही. बांधणाऱ्यानं बांधत असतानाच त्या जनावराच्या सगळ्यात वाईट घटकेचा विचार करायचा. सांगलीत आगीपेक्षा पाण्याचं भय मोठं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा नदीकाठच्या गावांत दावणीची जनावरं सोडायलाही कित्येकांना उसंत मिळाली नाही. गाठ कशी मारली होती याचा हिशेब त्या रात्री झाला.

आता ताणलेल्या पट्ट्याकडे येते. कुत्रं ओढतं तेव्हा लोक म्हणतात, माजलंय, मालकावर वरचढ व्हायला बघतंय. कारण त्याहून साधं आहे. त्याची चाल आपल्यापेक्षा जलद असते, आणि ओढलं की ते पुढे पोचतं. ओढलं, खांब आला. ओढलं, दुसरं कुत्रं भेटलं. प्रत्येक ओढीला जागच्या जागी फळ मिळतं. ज्या कृतीमागून समाधान येतं ती कृती अंगवळणी पडत जाते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून दाखवलं होतं. शिवाय अंगाला मागे ओढ बसली की कुत्र्याचं शरीर आपोआप पुढे जोर लावतं. म्हणजे मी मागे खेचते म्हणून ती पुढे खेचते, आणि ती पुढे खेचते म्हणून मी मागे. पट्टा ताणलेला असतो तेव्हा तो कोणी ताणलाय हे ठरवताच येत नाही.

सैल पट्ट्यानं चालायला शिकवायची रीत सांगायला सोपी आहे. पट्टा ताणला की थांबायचं. बोलायचं नाही, खेचायचं नाही, हात पोटाशी धरून नुसतं उभं राहायचं. कधीतरी ती वळून बघते, किंवा अर्धं पाऊल मागे येते, आणि पट्ट्याला मधे झोळ पडतो. झोळ पडला त्याच क्षणी चालायला लागायचं. ओढलं की जग थांबतं, सैल सोडलं की जग चालू होतं, एवढा एकच धडा. ती आपणहून बाजूला चालत असेल तर तिथेच, डाव्या गुडघ्याशी, खाऊ द्यायचा; पुढे हात करून दिला तर ती पुढेच यायला शिकते. आधी घरातल्या बोळात, मग परसात, मग दुपारच्या सुनसान गल्लीत, आणि शेवटी बाजाराच्या रस्त्यावर. आणि हे सगळं करायच्या आधी तिला बंद आवारात मनसोक्त पळू द्यायचं. ज्या शरीरात धाव साठलेली आहे त्याच्याकडून संथ चाल मागणं हे चौथ्या अतिचाराच्या जवळ जातं. ओझं पाठीवरच लादलं जातं असं नाही.

साधनंही बघून घ्यावी लागतात. कारवानची मान लांब आणि डोकं अरुंद. साधा गळपट्टा डोक्यावरून निसटतो, आणि नाही निसटला तर धावेच्या झटक्यात गळा दाबला जातो. म्हणून छातीवरून येणारा हार्नेस. पट्टा सहा फुटी, साधा. स्प्रिंगनं आत-बाहेर होणारे पट्टे मिळतात, त्यांच्यात कुत्र्याला पंधरा फूट मोकळीक मिळते, पण स्प्रिंग सतत थोडी ओढ धरून ठेवते. त्या कुत्र्याला सैलपणा म्हणजे काय हे आयुष्यात कळत नाही. खाऊला आमच्याकडे फुटाणे आणि पनीरचे बारीक तुकडे. तासगावचे बेदाणे घरात बारमाही असतात, पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विष आहेत. ते डबे वरच्या फळीवर गेले. तिच्या जेवणाचा मोठा प्रश्न आहे, तो वेगळ्या लेखाचा.

शिकवायला सुरुवातीला एक प्रशिक्षक येत. त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या : आतून बोथट काटे असलेला गळपट्टा, आणि शिकवणीच्या दिवशी सकाळचं जेवण बंद, म्हणजे ती खाऊसाठी नीट काम करेल. मी दोन्हीला नाही म्हटलं. काटेरी पट्टा म्हणजे यादीतला दुसरा दोष, उपाशी ठेवणं म्हणजे पाचवा. पण त्यांचं बोलणं ऐकताना मला एक जुनी हकिगत आठवली, ती इथे सांगायलाच हवी.

इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत एक कुत्रा होता. एरवी अगदी गुणी, सगळ्यांशी मैत्री करणारा. पण प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी अडकवून उभा केला की अस्वस्थ व्हायचा, त्याची लाळ थांबायचीच नाही. कारण शोधता शोधता पाव्हलॉव्ह या निष्कर्षाला आले की या कुत्र्याला बांधून घेणंच सोसत नाही. त्यांनी याला स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं, आणि ती जिवाच्या मूळ प्रेरणांपैकी एक मानली. केवढं मोठं निरीक्षण आहे! मग त्यांनी काय केलं? त्या कुत्र्याचं चौकटीबाहेरचं खाणं बंद केलं. तो आधी फारसं खाईना, खंगत गेला. हळूहळू चौकटीत खायला लागला आणि शेवटी तिथे निमूट उभा राहायला लागला. प्रयोग पुढे सुरू झाले. एका जिवात स्वातंत्र्य आहे हे ज्यांनी पाहिलं, त्यांनीच ते भुकेनं मोडलं. उमास्वामींच्या यादीत पहिला दोष आणि पाचवा दोष दोन टोकांना आहेत. या चौकटीत ते एकत्र आले.

त्या कुत्र्याचे पट्टे शेवटी ताणलेले नसणार. माझ्या मते खरा पेच इथेच सुरू होतो. काटेरी गळपट्ट्याला भ्यालेलं कुत्रंही पट्टा सैल ठेवून चालतं. शेपूट पोटाखाली, कान मागे, नजर खाली. खांब आला तरी हुंगत नाही, ओळखीचं माणूस आलं तरी अंग हलवत नाही. रस्त्यावरून जाणारा म्हणेल, काय शहाणं कुत्रं आहे. बाहेरून दोन्ही पट्ट्यांना सारखाच झोळ पडलेला. आपल्याकडे द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद करतात तो मला इथे हाताशी धरावासा वाटतो. दोर सैल असणं ही बाहेरची गोष्ट. त्या सैलपणाला आतून काय धरून आहे, भय, भूक की आणखी काही, ते बघितल्याशिवाय बांधणाऱ्याचा निवाडा होत नाही.

ते आणखी काही म्हणजे काय हे मी एकदा जवळून बघितलं. बस्तीच्या मागच्या बोळातून संध्याकाळी येत होतो. पुढे भिंतीलगतच्या चौथऱ्यावरून एक करडं मांजर उतरलं आणि बोळ ओलांडायला लागलं. तेजी जागीच थांबली. मान लांब झाली, पुढचा एक पाय उचललेला तसाच राहिला. मागच्या मांड्यांचे स्नायू कातडीखाली थरथरत होते, श्वास बंद होता. पट्टा माझ्या हातातून खाली लोंबत होता, त्याला कसलीही ओढ नव्हती. मी तो आखडून घेतला नाही. मांजर मधोमध येऊन तिच्याकडे बघत उभं राहिलं, मग सावकाश पलीकडच्या जिन्याखाली गेलं. तेजीनं ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं, मोठा श्वास सोडला आणि तोंड माझ्याकडे वळवलं. मी फुटाणा पुढे केला. तिनं तो घेतला नाही. सगळ्या अंगाला एकदा झटका देऊन ती चालायला लागली.

ती थरथर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धाव मेलेली नव्हती. ती तिथे पूर्ण होती आणि तरी धावली नव्हती. भय असतं तर मांजर दिसताच ती माझ्याकडे बघून आक्रसली असती.

यावर शास्त्रज्ञ म्हणतील, हे आधीच्या फुटाण्यांचं फळ, सवय आहे, संयम नव्हे. सवय आहे हे मला मान्यच आहे. पण मी रात्री जेवत नाही ती सवय मला कशी लागली? सूर्य मावळायच्या आत पान वाढलं जायचं, आई पाठीवरून हात फिरवायची, पहिला उपवास पार पडला तेव्हा आजोबांनी नवं परकर-पोलकं आणलं. कौतुकाच्या आणि गोडाच्या वाटेनंच माझ्यात संयम आला. आज साठी उलटल्यावर तो माझा आहे असं मी म्हणते आणि कोणी मला अडवत नाही. उगम बक्षिसात आहे म्हणून तेजीचा संयम खोटा ठरत असेल, तर दशलक्षणातल्या सहाव्या दिवशी उत्तम संयमाची पूजा करायला आमच्यापैकी फार थोडे उरतील.

आणि आमच्या शास्त्राला यात काही नवल नाही. कुत्रा हा पाच इंद्रियांचा, मन असलेला जीव. अशा तिर्यंचाला, म्हणजे जनावराला, सम्यग्दर्शन होऊ शकतं, तो पाचव्या गुणस्थानापर्यंत चढू शकतो, म्हणजे श्रावकाची व्रतं घेऊ शकतो, असं कर्मग्रंथांत स्वच्छ सांगितलंय. महावीरांचा जीव मागच्या एका भवात सिंह होता, त्यानं मुनींचा उपदेश ऐकून शिकार सोडली. पार्श्वनाथांचा जीव हत्ती असताना व्रती झाला. जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार म्हटला आणि तो यक्ष होऊन परत भेटायला आला. या कथा मी लहानपणी ऐकल्या तेव्हा त्यांतले चमत्कार लक्षात राहिले. आता त्यांच्यामागचं गृहीत दिसतं : समोरच्या जनावरात स्वतःला आवरू शकणारा कोणीतरी आहे. हे गृहीत नसेल तर पट्टा सैल सोडणं हा निव्वळ वेडेपणा आहे. ज्याला वाटतं की पलीकडे नुसती ओढ आहे, त्याला हात आखडावाच लागेल. सैल सोडता येतो तो पलीकडच्या जिवावर विश्वास असेल तरच, आणि तो विश्वास आधी ठेवावा लागतो. पुरावा मागून येतो.

मुनी चालतात ते पुढची चार हात जमीन बघत, ती ईर्यासमिती. चार हात म्हणजे सहा फूट, बरोबर पट्ट्याएवढं अंतर. सैल पट्ट्यानं चालवताना माझी नजरही तेवढ्याच जमिनीवर असते : काच, मुंग्यांची रांग, कोणी टाकलेलं हाड, आणि तिच्या मानेची ठेवण. फोनवर बोलत हे जमत नाही.

तरी पूज्यपादांची व्याख्या माझ्यासमोर तशीच उभी राहते. जायचंय तिथे जाऊ न देणं. मी तिला शिकवून तिची इच्छाच अशी वळवली असेल की तिला माझ्याबरोबरच जायचंय, तर अडवणं संपलं का? की सगळ्यात खोल बंध हाच? हे तपासायचा एकच मार्ग मला दिसला. संध्याकाळच्या फेरीचा शेवटचा टप्पा आम्ही हरिपूरच्या रस्त्याला जातो, वर्दळ कमी झाली की दिशा तिची. मी मागून चालते, पट्टा माझ्या बाजूनं ताणला जाणार नाही एवढी काळजी घेत. ती नुसती माझी सावली झाली असती तर वळूनवळून माझ्याकडे बघत राहिली असती. तसं होत नाही. ती सरळ नदीकडे ओढ घेते, एका ठरावीक बांधावर थांबून पलीकडच्या शेतात टक लावते, कधी एकाच दगडाशी एवढा वेळ हुंगत राहते की मला पाय बदलून उभं राहावं लागतं. तिच्या इच्छा शाबूत आहेत. शिकवण्यानं त्या मेल्या नाहीत.

पण त्या शाबूत आहेत म्हणजेच बाकीच्या वाटेवर मी त्या रोज अडवते. हे मी अक्कांना सांगितलं.

"मग दोष आहेच की," त्या म्हणाल्या.

"आहे, अक्का."

"व्रत मोडलं नाही, पण डाग लागतो. प्रतिक्रमणात म्हणत जा."

"म्हणते."

अक्का थोडा वेळ तेजीकडे बघत बसल्या. मग त्यांनी पट्टा मागून घेतला, हार्नेसची कडी कशी निघते ते मला करून दाखवायला सांगितलं, आणि स्वतःच्या वाकड्या झालेल्या अंगठ्यानं ती उघडून बघितली. पहिल्यांदा निघेना. "ही बदलून आण," त्या म्हणाल्या. "दुपारी घरात मी एकटीच असते. पाणी चढलं तर हिला मला सोडता आलं पाहिजे."

बाजारात एका अंगठ्यानं उघडणाऱ्या कड्या मिळतात, गिर्यारोहकांच्या दुकानात तर आणखी चांगल्या. मी दोन आणल्या. दुसरी पट्ट्याच्या माझ्याकडच्या टोकाला लावली आहे.